सव्वादहाचा निरोप

"काय हो ताई, सगळे पेशंट एकदम ठणठणीत झाले की काय?"

फोनवर स्त्री वॉर्डाचे डॉक्टर होते. सोमवारची सकाळ, पावणेदहाची वेळ. लॅबच्या खिडकीसमोर रांग लागली होती. ताईंनी रिसीव्हर कान आणि खांदा यांच्यामध्ये धरला आणि नळ्यांवर नंबर चिकटवता चिकटवता विचारलं, "का बरं? तसं झालं तर आपल्या दोघांनाही घरी बसावं लागेल."

"शुक्रवारपासून तुमच्या निरोप्याचा एकही मेसेज नाही. म्हटलं, बरं आहे, कालची फेरी मारून घरी गेलो तो दिवस शांत गेला. आत्ता कागद चाळतोय, तर सोळा नंबरची साखर पहाटे अडतीस! सिस्टरनं घाम बघून आधीच ग्लुकोज लावलं म्हणून बाई शुद्धीवर आहे. हे मला चार तासांनी कागदावर कळायचं का?"

नंबराचा कागद ताईंच्या बोटालाच चिकटून राहिला. "बघते," एवढंच त्या म्हणाल्या. रिसीव्हर जागेवर ठेवताना तो दोनदा घसरला.

निरोप्या हे माणसाचं नाव नव्हतं. ताईंनी पाच वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेला तो एक छोटासा प्रोग्रॅम होता. रक्त तपासणारं मशीन आपले आकडे कॉम्प्युटरवर टाकत जाई. निरोप्या दर दहा मिनिटांनी उठून ते आकडे चाळायचा आणि जिवावर बेतेल असा एखादा आकडा दिसला की त्या त्या वॉर्डाच्या डॉक्टरांना मोबाइलवर मेसेज धाडायचा. काम झालं की पुन्हा झोपायचा.

ताईंची नोकरी सव्वीस वर्षांची. सुया, नळ्या, काचपट्ट्या यांच्यात सगळी हयात गेली. पाच वर्षांपूर्वी एक दिवस असाच एक वाईट आकडा आला आणि वॉर्डाचा फोन तासभर लागेना. शेवटी त्या चिठ्ठी मुठीत धरून तीन जिने धावत चढल्या. वर पोचल्या तेव्हा त्या खाटेवरची चादर बदलत होते. तो जिना काही केल्या डोक्यातून जाईना, तेव्हा वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, स्वयंपाक आवरल्यावर ओट्याशी उभं राहून, मोबाइलवरचे धडे बघत त्या पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकल्या. नवरा हसायचा. "या वयात कॉम्प्युटरशी संसार मांडतेस की काय?" असं विचारायचा. मांडला खरा. आणि तो इतका सुरळीत चालला, की हळूहळू वॉर्डांना फोन करायची सवयच सगळ्यांची सुटली. बंद करा असं कुणी सांगितलं नव्हतं. निरोप्या आहे म्हटल्यावर फोन कोण करणार?

ताईंनी शेजारच्या टेक्निशियनला खिडकीवर बसवलं आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर निरोप्याला हाताने सुरू केलं. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. मग लाल अक्षरं. मॉड्यूल सापडत नाही.

निरोप्यात ताईंची स्वतःची अक्कल होती तेवढीच उसनवारीही होती. तक्ते वाचणं, मेसेज पाठवणं ही कामं दुसऱ्या कुणी कुणी लिहून ठेवलेली मॉड्यूलं करायची. ताईंनी ती उतरवून घेऊन जोडली होती. त्यातलं पहिलंच मॉड्यूल आता कॉम्प्युटरवर नव्हतं. पाच वर्षं होतं आणि आज नाही.

"असं कसं होईल?" ताई स्वतःशीच पुटपुटल्या आणि त्याच क्षणी, कसं झालं ते त्यांना कळलं.

शुक्रवार. लॅबच्या साहेबांना वर्षाचा दर्जा अहवाल हवा होता, रंगीत आलेखांसकट. त्यासाठी नवा प्रोग्रॅम आला होता आणि त्याच्याबरोबर सूचनांचा एक कागद. आधीचे पायथन काढून टाकावे, नवे घालावे. दुपारी चारला ताईंनी ते केलं होतं. एकेक सूचना वाचून, पुढे बरोबरची खूण करून. आलेख सुंदर आले. साहेब "वा!" म्हणाले. ताई पाचच्या ठोक्याला खुशीत घरी गेल्या. जुनं पायथन काढताना त्याच्या पोटातली सगळी मॉड्यूलंही गेली, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून निरोप्या दर दहा मिनिटांनी उठत होता, मॉड्यूल शोधत होता, आणि न सापडल्यामुळे कोसळत होता. त्याची खिडकी पडद्यावर दिसायची नाही, अशी सोय ताईंनीच करून ठेवली होती. उगीच कामात लुडबुड नको म्हणून. शुक्रवारी दुपारी चारपासून सोमवारी सकाळी दहापर्यंत सहासष्ट तास. जवळजवळ चारशे वेळा तो आवाज न करता पडला असणार.

मग ताईंनी जे केलं, त्याची त्यांना पुढे फार लाज वाटली. पहिला विचार त्यांच्या मनात पेशंटचा आला नाही. अजून कुणाला कळलेलं नाही, हा आला. पटकन दुरुस्त केलं तर कुणाला कळणारही नाही.

त्यांनी हरवलेलं मॉड्यूल पुन्हा उतरवून घेतलं. निरोप्या एक पाऊल पुढे सरकला आणि दुसरं मॉड्यूल नाही म्हणून पडला. दुसरं घातलं. तिसरं नाही. तिसरं घातल्यावर 'सापडत नाही' हे शब्द गेले, पण त्यांच्या जागी भलतीच लाल ओळ आली. आलेली मॉड्यूलं नवी कोरी होती. निरोप्याला ठाऊक असलेल्या जुन्या गोष्टी त्यांच्यात राहिल्याच नव्हत्या.

ताईंनी ड्रॉवरमधून आपली वही ओढली. लॅबच्या शिस्तीप्रमाणे त्या प्रत्येक रसायनाच्या बाटलीचा लॉट नंबर लिहून ठेवत, कारण एका लॉटचा आकडा दुसऱ्या लॉटवर चालत नाही. त्याच सवयीने त्यांनी पाच वर्षांपूर्वी प्रत्येक मॉड्यूलचा नंबरही लिहून ठेवला होता. देव पावल्यासारखं वाटलं. त्यांनी नंबर बघून जुनं मॉड्यूल मागवलं. नव्या पायथनला ते धड पचेना, तरी कसंबसं बसलं. निरोप्या थोडा हलला. पण साहेबांचा अहवाल उघडून बघितला, तर तोही आता लाल. त्याला नवंच मॉड्यूल हवं होतं. याला उठवावं तर तो आडवा, त्याला उठवावं तर हा. तीनदा उलटसुलट करून झालं. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

तेवढ्यात मागे मशीन वाजलं. हिमोग्लोबिन तीन पॉइंट नऊ.

ताईंनी तो आकडा बघितला आणि यंत्रवत वॉर्डाचा फोन फिरवला. "लॅबमधून बोलतेय. सात नंबर खाट, हिमोग्लोबिन तीन पॉइंट नऊ. हो, तीन. लिहून घेतलंत?" फोन ठेवला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. हा एक त्यांच्या डोळ्यांसमोर आला म्हणून कळवला गेला. सहासष्ट तासांत असे किती येऊन गेले असतील? ते सगळे आकडे त्याच कॉम्प्युटरवर होते. यादी काढायला दोन मिनिटं लागली असती. आणि गेली पस्तीस मिनिटं त्यांनी ती काढली नव्हती, कारण ती बघायची त्यांना भीती वाटत होती.

त्यांनी यादी काढली. अकरा.

अकरा नावं, अकरा खाटा, अकरा आकडे. ताईंनी कागद समोर ठेवला, पेन घेतलं आणि एकेक वॉर्ड फिरवायला सुरुवात केली. पहिला पेशंट बरा होता. डॉक्टरांनी सकाळच्या फेरीत कागद पाहिला होता. दुसऱ्याला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं होतं, तिथून सुखरूप असल्याचा फोन आला होता. तिसरी सोळा नंबरची साखर. चौथा, पाचवा. "कशाला विचारताय ताई?" एका सिस्टरनं विचारलं. "सहज," ताई म्हणाल्या आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. प्रत्येक नावापुढे त्या बारीक बरोबरची खूण करत होत्या. दहा खुणा झाल्या. जिवात जीव येऊ लागला होता.

अकरावी ओळ. स्त्री वॉर्ड, खाट नऊ. वय एकोणसत्तर. पोटॅशियम सात पॉइंट एक. रविवार, सकाळी सव्वादहा.

सातच्या वर पोटॅशियम गेलं की हृदय केव्हाही थांबू शकतं. हे सांगायला ताईंना डॉक्टर लागत नव्हता.

"सिस्टर, खाट नऊच्या आजी कशा आहेत?"

पलीकडे रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग सिस्टर म्हणाली, "त्या आजी नाहीत हो ताई आता. खाटेवर दुसरी पेशंट आहे."

"घरी सोडलं?"

"नाही. काल दुपारी गेल्या. साडेचारच्या सुमाराला."

ताईंनी कागदाकडे पाहिलं. पेनची शाई एका जागी पसरत चालली होती.

त्या वर गेल्या. लिफ्ट होती, तरी जिन्याने गेल्या. डॉक्टर टेबलाशी उभे राहून चहा पीत होते. ताईंनी त्यांच्यासमोर कागद ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. नवं पायथन, मॉड्यूलं, सहासष्ट तास. डॉक्टरांनी कप खाली ठेवला, कपाटातून फाइल काढली आणि उभ्या उभ्याच चाळली.

"काल दुपारी ड्यूटीवर दुसरे डॉक्टर होते. छापील रिपोर्ट त्यांना दीडला मिळालाय. रविवारी कागद एकदाच येतात. एक चाळीसला त्यांनी इंजेक्शनं सुरू केलीत. साडेचारला..." त्यांनी फाइल मिटली. "दोन्ही किडन्या गेलेल्या, त्यात अंगभर इन्फेक्शन. फार आजारी होत्या, ताई."

"सव्वादहाला कळलं असतं तर?"

डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. वयाने ते ताईंच्या निम्मे असतील. "सव्वातीन तास मिळाले असते. वाचल्या असत्या म्हणू? नाही म्हणू? छातीवर हात ठेवून कुणीच सांगू शकणार नाही." मग हळूच म्हणाले, "आणि माझंही चुकलं. मेसेज नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून बसलो. सकाळी घरी जाण्यापूर्वी रक्त मीच पाठवलं होतं, विचारायला हवं होतं."

रविवारी लॅबमध्ये जो टेक्निशियन होता त्याला ताईंनी जिन्यातूनच फोन लावला. तो तर गोंधळूनच गेला. "सात पॉइंट एक? हो, बघितलं की मी. मेसेज गेला असेल म्हटलं. तुमचा निरोप्या कधी चुकलाय का, ताई?"

ताईंनी फोन बंद केला आणि त्या खाली उतरल्या.

दुपारचे बारा वाजत आले होते. निरोप्या अजून पडलेलाच होता. आता वॉर्डांना त्या स्वतः फोन करत होत्या, पण पाच वाजता त्या घरी जाणार, उद्या दुसरं कुणी मशीनवर बसणार. हे दुरुस्त व्हायलाच हवं होतं आणि त्यांच्या एकटीच्या हातून ते होत नव्हतं. असं काम जाणणारं एकच माणूस त्यांच्या ओळखीत होतं, आणि त्या माणसाशी त्या गेली अकरा वर्षं फक्त लग्नकार्यात बोलल्या होत्या.

त्यांची धाकटी नणंद सॉफ्टवेअरच्या कंपनीत मोठ्या जागेवर होती. अकरा वर्षांपूर्वी ताई आणि त्यांचा नवरा घरातून वेगळे झाले, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई एकट्या नणंदेच्या गळ्यात पडल्या. शेवटपर्यंत तिनेच केलं. ती कधी भांडली नाही. बोलायचीच बंद झाली.

घंटी तिसऱ्यांदा वाजताच फोन उचलला गेला. "वहिनी? दादा बरा आहे ना?"

"बरे आहेत, बरे आहेत. वन्सं, मीच..." ताईंना रडू फुटलं. "माझ्या हातून फार मोठी चूक झालीय हो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा, मग दार लावल्याचा आवाज आला. "सांगा. पहिल्यापासून सांगा. रडत सांगितलंत तरी चालेल, पण काही गाळू नका."

ताईंनी सांगितलं. नणंदेने मध्ये तीनच प्रश्न विचारले. जुने नंबर आहेत का? वही आहे म्हटल्यावर ती "शाब्बास" म्हणाली. कॉम्प्युटरवर आणखी काय काय चालतं? आणि निरोप्याला उठवायचं वेळापत्रक कुठे लावलंय?

"ऐका आता, वहिनी. चूक कुठे झाली सांगते. तुम्ही दोन प्रोग्रॅमना एकाच स्वयंपाकघरात कोंबलंत. दोघांचे डबे एकाच फळीवर. एकासाठी डबा बदलला की दुसरा उपाशी. तुम्ही सकाळपासून डबेच बदलत बसलाय."

"मग काय करू?"

"प्रत्येकाला वेगळी चूल मांडून द्यायची. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात त्याला. नाव मोठं आहे, पण आहे साधा एक फोल्डर. त्यात त्याचं स्वतःचं पायथन, त्याची स्वतःची मॉड्यूलं, पाहिजे त्या नंबरची. शेजारी काय शिजतंय याच्याशी त्याचा संबंध नाही." मग म्हणाली, "वेगळी चूल कशी मांडायची, ते तुम्हाला काही मी शिकवायला नको."

अकरा वर्षं हे वाक्य कुठेतरी थांबून राहिलं होतं. आज येऊन पडलं.

"चिडून नाही बोलले," नणंद म्हणाली. आवाज उतरला होता. "म्हणजे, थोडं चिडूनच. जाऊ दे. वही उघड. मी सांगते ते एकेक अक्षर लिही."

'सांगा' आणि 'ऐका'वरून ती 'उघड' आणि 'लिही'वर कधी आली, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

पुढचा तासभर ताई एका कानाला मोबाइल लावून बसल्या. आधी जुन्या नंबरचं पायथन वेगळ्या जागी उतरवलं. "दोन पायथन एका कॉम्प्युटरवर सुखानं राहतात, फक्त कोण कुणाचं ते सांगावं लागतं." मग त्या जुन्या पायथनकडून एक रिकामा फोल्डर तयार करून घेतला. नाव काय द्यायचं, असं नणंदेने विचारलं. ताई म्हणाल्या, "निरोप्याच देते." तो फोल्डर जागा करायची आज्ञा दिली.

"आता ओळीच्या सुरुवातीला कंसात त्याचं नाव दिसतंय का?"

"दिसतंय."

"म्हणजे तू त्याच्या घरात उभी आहेस. आता जे घालशील ते इथंच राहील. वहीतले नंबर वाच."

ताईंनी चष्मा पुसला आणि एकेक नंबर वाचत, टाइप करत, पुन्हा ताडून बघत सगळी मॉड्यूलं घातली. साहेबांच्या अहवालासाठी दुसरा फोल्डर, त्यात नवी मॉड्यूलं. मग निरोप्याला हाक दिली. एक ओळ, दुसरी, तिसरी. लाल काही आलं नाही.

"चालला," ताई कुजबुजल्या.

"थांब, खूश होऊ नकोस. वेळापत्रकात त्याला जो पायथनचा पत्ता दिलायस तो जुनाच आहे. दहा मिनिटांनी तो उठेल आणि सवयीनं भलत्याच घरी जाईल. पत्ता बदल." पत्ता बदलला. "आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हा मुका पडतो, हे मला आवडलेलं नाही. पडला की त्याने बोंब मारली पाहिजे. आणि रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी डॉक्टरांना सांगायचं की मी जागा आहे. ज्या दिवशी तो निरोप येणार नाही, त्या दिवशी त्यांनीच तुला फोन करायचा."

एक वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरांच्या मोबाइलवर मेसेज गेला. त्यांनी लगेच उलट कळवलं, मिळाला.

"वहिनी," फोन ठेवता ठेवता नणंद म्हणाली, "त्या आजींचं काय करणार आहेस?"

"लिहून देणार आहे."

"घाबरलीयस?"

"पाय उचलत नाहीयेत."

"मग आज उचलतील तेवढेच उचल. संध्याकाळी घरी येते मी," असं म्हणून तिने फोन ठेवला.

ताईंनी पानभर लिहिलं. काय केलं, केव्हा केलं, कशामुळे बंद पडलं, किती तास, कोणते अकरा पेशंट. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि सही. साहेबांनी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं आणि कागद टेबलावरून ताईंकडे परत सरकवला.

"छापील रिपोर्ट वेळेवर गेला होता ना?"

"दीडला गेला, साहेब."

"रविवारी दीडलाच जातो. नियमात तो कागद आहे. हा तुमचा निरोप्या नियमात कुठे आहे? कुठल्या फाइलवर त्याची मंजुरी आहे? नाही ना? मग जे कागदावर नाहीच, ते बंद कसं पडेल?" ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता. "ताई, तुमची चार वर्षं राहिलीत. तुम्ही त्या बाईला मारलेलं नाही. हे लिहून तुम्ही स्वतःच्या हाताने फास घालून घेताय. आणि माझ्याही गळ्यात. अहवाल मी मागितला होता."

ताईंना त्यांचं म्हणणं पटण्यासारखं वाटलं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली. इतकं सोपं होतं. कागद घडी करून पर्समध्ये टाकायचा, एवढंच. आतापर्यंत नोकरी जाईल, चौकशी बसेल, लोक बोट दाखवतील, याची धास्ती होती. आता कळलं, की यातलं काहीच होणार नाही अशीही वाट आहे. त्या वाटेने गेलं तर उरलेल्या चार वर्षांत रोज सकाळी मशीनसमोर कसं बसायचं, हे मात्र त्यांना कळेना.

त्या खाली आल्या, आवक-जावकच्या टेबलाशी गेल्या आणि कागद पुढे केला. कारकुनाने न वाचताच शिक्का मारला आणि नंबर टाकला. शिक्क्याच्या आवाजाने ताई दचकल्या.

मंगळवारी काही झालं नाही. निरोप्याने सकाळ, दुपार, संध्याकाळ आपण जागे असल्याचं कळवलं. चौकशी पुढच्या आठवड्यात बसणार, असं कानावर आलं.

बुधवारी अकराच्या सुमाराला खिडकीशी एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले. इस्त्रीचा, पण जुना शर्ट. बाहीला दोन-तीन रंगीत दोरे चिकटलेले. "ताई, आमच्या मंडळींचे सगळे रिपोर्ट पाहिजे होते. मुलगी लांब असते, तिला पाठवायचेत. स्त्री वॉर्ड, खाट नंबर नऊ."

ताईंनी नाव विचारलं, रिपोर्ट छापायला लावले. छपाईचं यंत्र एकेक कागद बाहेर टाकत होतं. शेवटचा रविवारचा. कोपऱ्यात बारीक अक्षरात वेळ, दहा पंधरा. कुणाच्या नजरेतही भरणार नाही इतकी बारीक. कागद एकत्र करून, पिन मारून खिडकीतून सरकवायचे होते. एवढंच काम होतं.

"काका," ताई म्हणाल्या, "जरा आत या."

त्यांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि शेवटच्या कागदावर बोट ठेवलं. "हा रिपोर्ट रविवारी सव्वादहाला तयार झाला होता. धोक्याचा होता. डॉक्टरांना लगेच कळायला हवं होतं. त्यांना तो दीडला मिळाला. निरोप पोचवायची सोय माझ्या हातची होती आणि ती माझ्या चुकीने बंद पडली होती."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन ती वेळ वाचली. म्हणाले, "सव्वादहाला ती मला रागवत होती." मग आपल्याच छातीकडे बोट दाखवून, "हे बटण सैल झालंय म्हणून. शिंप्याच्या शर्टाचं बटण लोंबतंय, लोक काय म्हणतील म्हणाली. साडेअकराला म्हणाली, झोप येतेय. म्हटलं, झोप."

ताईंना वाटलं, काकांनी ओरडावं. दोन शब्द लावावेत.

"तेव्हा हा कागद इथं होता?"

"हो."

"मिळाला असता तर वाचली असती?"

"माहीत नाही, काका. डॉक्टरांनाही सांगता येत नाही. फार आजारी होत्या. पण वेळ मिळाला असता. तो आमच्याकडून गेला."

त्यांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, कळेना. "मुलीला हे सांगताना माझा गोंधळ होईल," ते म्हणाले. "एवढं लिहून द्याल?"

ताईंनी कोरा कागद घेतला. पहिल्याच ओळीत हात इतका थरथरला, की अक्षर फाटलं. त्यांनी तो चुरगळला, दुसरा घेतला.

"सावकाश लिहा," ते म्हणाले. "मला घाई नाही."

ताईंनी लिहिलं, सही केली, तारीख घातली. काकांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, अंगठ्याच्या नखाने घडी बसवली आणि उठले. दारापर्यंत गेले. मागे वळून काही बोलतील म्हणून ताई उभ्याच राहिल्या. ते दार ओढून बाहेर पडले.

खिडकीतून समोरचा व्हरांडा दिसत होता. ते बाकाच्या मधोमध बसले होते. चष्मा चढवून, कागद उघडून, ओळींवरून बोट फिरवत हळूहळू वाचत होते. मशीन मागे घरघरत होतं. रांगेतल्या कुणीतरी काचेवर टकटक केलं. तेवढ्यात तान्हं मूल खांद्यावर घेतलेली एक बाई बसायला जागा शोधत बाकाशी येऊन थांबली. त्यांनी मान वर केली, वाचायच्या ओळीवर बोट तसंच धरून ठेवलं आणि एका बाजूला सरकून तिला जागा करून दिली.